१.०४चं काय करायचं?

पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट हल्ली व्हॉट्सॲपवर येतो, आणि बहुतेक वेळा रात्री येतो. डॉक्टरांना फोन करायची वेळ टळून गेलेली असते. पीडीएफ उघडली की ‘एचएसव्ही-२ आयजीजी’ या, म्हणजे हर्पिसच्या तपासणीच्या, ओळीपुढे १.०४ असा आकडा दिसतो. शेजारच्या रकान्यात बारीक टायपात तीन पायऱ्या छापलेल्या असतात : ०.९०पेक्षा कमी म्हणजे निगेटिव्ह, ०.९० ते १.१० म्हणजे इक्विव्होकल, १.१०पेक्षा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. आणि तळाशी सगळ्याच रिपोर्टवर असते ती ओळ, की निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावा. पैसे भरले, सुई टोचून घेतली, दोन दिवस जीव टांगणीला लावला, आणि हातात आलं काय, तर ‘सांगता येत नाही’.

मग माणूस हा आकडा शुगरच्या रिपोर्टसारखा वाचायला लागतो. १.०४ म्हणजे थोडासा हर्पिस आहे. महिन्याभराने ०.९८ आला तर उतरतोय, १.१५ आला तर वाढतोय. हा समज इतका सर्रास आढळतो की सगळ्यात आधी तो दूर करायला हवा. या आकड्यात विषाणूचं प्रमाण नसतं. या तपासणीत विषाणू शोधलेलाच नसतो. त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, रक्तात आहेत का एवढंच पाहिलेलं असतं. आणि तीही एकेक करून मोजलेली नसतात, तर त्यांच्यामुळे किती रंग उमटला ते मोजलेलं असतं.

हा रंग उमटतो कसा, ते जरा जवळून बघू. तपासणीच्या या पद्धतीला एलायझा म्हणतात; ती १९७१मध्ये स्टॉकहोमच्या एव्हा एंगव्हॉल आणि पीटर पर्लमन यांनी मांडली. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात ९६ लहान खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूचं एक ठरावीक प्रथिन आधीच चिकटवलेलं असतं. तुमच्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, पातळ करून त्यात सोडतात. या प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं त्यात असतील तर ती तळाला धरून बसतात. बाकीचं सगळं धुऊन काढतात. मग माणसाच्या आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांना पकडणारं दुसरं प्रतिपिंड सोडतात. त्याच्या पाठीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलेलं असतं. पुन्हा धुलाई. शेवटी एक रंगहीन द्रव घालतात. विकर शिल्लक असेल तिथे तो निळा होतो, वर आम्लाचा थेंब पडला की पिवळा. यंत्र या पिवळ्या रंगातून ४५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश पाठवतं आणि किती प्रकाश अडला ते नोंदवतं.

त्याच प्लेटवर काही खळग्यांत किट बनवणाऱ्या कंपनीने दिलेला प्रमाण नमुना असतो. तुमच्या खळग्यातल्या रंगाला त्या प्रमाण नमुन्याच्या रंगाने भागलं की जो आकडा येतो तो इंडेक्स. म्हणजे १.०४चा पूर्ण अर्थ असा, की तुमचा खळगा प्रमाण खळग्यापेक्षा चार टक्के गडद निघाला. बस.

चार टक्के फरक कशानेही पडू शकतो. एखादी धुलाई कमी पडली, पिपेटने किंचित जास्त थेंब सोडला, प्लेट दोन मिनिटं जास्त उबेत राहिली. एकच सीरम आज ०.९७ दाखवील आणि परवा १.१२, आणि दोन्ही वेळा लॅबचं काही चुकलेलं नसेल. हे ठाऊक असल्यामुळेच किट बनवणारे मध्ये एक पट्टा मोकळा सोडतात आणि त्याला इक्विव्होकल, बॉर्डरलाइन किंवा ग्रे झोन म्हणतात. तो पट्टा सगळीकडे सारखाही नसतो. काही किट्समध्ये एकक वेगळं असतं आणि १६ ते २२ हा संशयाचा टप्पा असतो. काही लॅबमध्ये रंगाऐवजी प्रकाश मोजणारी, सीएलआयए नावाची पद्धत वापरतात. त्यामुळे एका लॅबचा १.०४ आणि दुसरीचा १८ शेजारी ठेवून काहीही निष्पन्न होत नाही.

आता प्रश्न असा, की रंग मधोमध का अडकतो?

पहिलं कारण काळाचं. विषाणू शरीरात शिरल्यापासून फोड यायला साधारण २ ते १२ दिवस लागतात, पण आयजीजी प्रतिपिंडं तपासणीत दिसण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे जातात. बहुतेकांत ती तीन महिन्यांच्या आत दिसू लागतात. अमेरिकेची सीडीसी ही संस्था म्हणूनच सांगते, की संबंध नुकताच आला असेल आणि तपासणीत काही निघालं नसेल, तर १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा. संबंधानंतर दहाव्या दिवशी घाबरून दिलेलं रक्त त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. त्याआधीच्या आयुष्याबद्दल सांगतं. मात्र पाचव्या-सहाव्या आठवड्यातला १.०४ हा चढत्या प्रतिपिंडांची पहिली पायरी असू शकतो. अशा वेळी तो आकडा दुर्लक्षून चालत नाही.

दुसरं कारण आहे घरातलंच. हर्पिस सिंप्लेक्सचे दोन प्रकार : एचएसव्ही-१, जो मुख्यतः तोंडाभोवती उठतो, आणि एचएसव्ही-२, जो मुख्यतः जननेंद्रियांवर. तापानंतर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार पुळ्यांचा झुबका येतो तो बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा, आणि तो लहानपणी आईच्या-आजीच्या पाप्यांतूनही मिळालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या जगातल्या ६४ टक्के लोकांत, म्हणजे जवळपास ३८० कोटींत, एचएसव्ही-१ आहे. १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांत, म्हणजे १३ टक्क्यांत, एचएसव्ही-२ आहे. हे दोघे सख्खे भाऊ, नाक-डोळे बरेचसे सारखे. त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटू पाहतात. या दोघांत ठळकपणे वेगळं असं एक प्रथिन आहे, ग्लायकोप्रोटीन जी. दुसऱ्या प्रकारातलं ते प्रथिन पहिल्यातल्यापेक्षा जवळपास तिप्पट लांब असतं. आजच्या भरवशाच्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत, आणि प्रकार वेगळा करून सांगणारी चाचणी म्हणतात ती हीच. तरीही ज्याच्या अंगात एचएसव्ही-१ची प्रतिपिंडं भरपूर आहेत, त्याच्या एचएसव्ही-२च्या खळग्यात थोडा खोटा रंग उमटण्याची शक्यता जास्त राहते.

आपल्याकडे याहून मोठी गडबड होते. कित्येक लॅब अजूनही ‘एचएसव्ही १+२ आयजीजी’ अशी एकत्र चाचणी करतात. तिच्यात दोन्ही भावांचे चेहरे एकाच चौकटीत. लहानपणी ओठावर पुळी आलेला कुणीही तिच्यात पॉझिटिव्ह येईल, आणि त्या एका शब्दावर घरात रामायण घडेल. ही चाचणी कुणी सांगितली तर का सांगितली, हे विचारायला हरकत नाही. माझ्या मते ती कुणी करूच नये.

तिसरं कारण सगळ्यात साधं आहे. काही माणसांच्या सीरममध्ये अशी प्रतिपिंडं असतात जी विषाणूशी काही संबंध नसताना प्लास्टिकला किंवा शेजारच्या प्रथिनांना चिकटून बसतात. अशा माणसाचा आकडा वर्षानुवर्षं ०.९ आणि १.५ यांच्या दरम्यान घोटाळत राहतो. त्याला कधीच फोड येत नाही, आणि त्याच्या रक्तात हर्पिसची खरी प्रतिपिंडंही नसतात.

इथवर आपण ‘इक्विव्होकल’ लिहून आलेल्या आकड्याबद्दलच बोललो. खरी फसगत त्याच्या पुढच्या पायरीवर होते, जिथे लॅब ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ छापते. १.४, १.९, २.६. रिपोर्टच्या दृष्टीने हे आणि ९.८ एकाच रकान्यातले. पण एचएसव्ही-२साठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एलायझाची जेव्हा अधिक अचूक चाचणीशी गाठ घालून पाहिली, तेव्हा एका अभ्यासात असं दिसलं, की १.१ ते २.९ या टप्प्यात तिची विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता, फक्त ३९.८ टक्के होती. सीडीसीने २०२१च्या आपल्या उपचार-मार्गदर्शिकेत हा आकडा नोंदवला आहे आणि सांगितलं आहे, की ३.०पेक्षा कमी इंडेक्स आला तर दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय निदान करू नये. पूर्व आफ्रिकेत संशोधन करणाऱ्यांनी तर बऱ्याच आधी ओळखलं होतं, की तिथे कंपनीची १.१ ही सीमा चालत नाही; त्यांनी आपली सीमारेषा बरीच वर सरकवली.

म्हणजे अनिर्णित आकड्यांचा पट्टा रिपोर्टवर छापलाय त्याहून खूप रुंद आहे. कागदावर तो १.१०ला संपतो, व्यवहारात तीनच्या आसपास.

आणि तरीही आकडा पुरेसा नाही. तो कुणाचा आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा एक चाचणी खऱ्या १०० बाधितांपैकी ९८ पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. कागदावर ही चाचणी उत्तमच. आता ती १,००० अशा लोकांवर चालवा ज्यांना काही लक्षण नाही आणि ज्यांच्यात खरे बाधित २० आहेत. ते २० बहुतेक सगळे सापडतील. पण उरलेल्या ९८० निरोगी लोकांतूनही ४९ जण पॉझिटिव्ह येतील. एकूण ६९ रिपोर्टांपैकी ४९ खोटे! तीच चाचणी त्वचा व गुप्तरोग विभागात दुखरे फोड घेऊन आलेल्या १,००० लोकांवर चालवा, ज्यांच्यातले ५०० खरोखर बाधित आहेत. आता ४९० खरे आणि फक्त २५ खोटे. किट तेच, तंत्रज्ञ तोच. बदलली ती फक्त दारात उभी असलेली माणसं.

याच कारणाने यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१६मध्ये, आणि पुन्हा २०२३मध्ये, शिफारस केली की लक्षणं नसलेल्या प्रौढांची, अगदी गर्भवतींचीही, जननेंद्रियाच्या हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये. अशा तपासणीतून निघणाऱ्या पॉझिटिव्हांपैकी जवळपास निम्मे खोटे असू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडचा संवाद मात्र बहुधा असा होतो.

“डॉक्टर, मग मला आहे की नाही?”

“आधी हे सांगा, ही टेस्ट तुम्हाला कुणी सांगितली?”

“कुणी नाही. पॅकेजमध्ये होती.”

लग्नाआधीचं पॅकेज, ‘फुल एसटीडी पॅनेल’, घरी येऊन रक्त नेण्याची सोय, दोनवर एक फुकट. ज्याला फोड नाही, खाज नाही, ज्याच्या जोडीदाराला काही नाही, अशा माणसाच्या रक्तात ही चाचणी घुसते ती सवलतीच्या वाटेने. मग वरच्या गणितातल्या ४९ जणांपैकी तो एक होतो. मला या पॅकेजवाल्यांचा राग येतो तो पैशांसाठी नव्हे. रिपोर्ट पाठवून ते मोकळे होतात. त्यानंतरची रात्र माणसाला एकट्याने काढावी लागते.

या रात्रीचं गिऱ्हाईक शोधणारेही असतात. मुंबईच्या लोकलच्या डब्यांत, एसटी स्टँडच्या भिंतींवर गुप्तरोगाची शर्तिया दवा सांगणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. आता त्या मोबाइलवर येतात. ‘आयजीजी पॉझिटिव्हचं निगेटिव्ह करून देतो, रिपोर्ट दाखवतो.’ आणि ते खरोखर दाखवतात! कसं, ते आता लक्षात आलं असेल. ज्याचा आकडा १.३ होता आणि मुळात खोटा होता, तो तीन महिन्यांनी काहीही न करता ०.८५ येऊ शकतो. मधल्या काळात त्याने कुणाचा काढा घेतला असेल तर श्रेय काढ्याला जातं. खऱ्या संसर्गात एचएसव्हीची आयजीजी प्रतिपिंडं सहसा जन्मभर राहतात, कारण विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या चेतागाठींत दडून बसलेला असतो. असायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या त्याचं उसळणं आवरतात, पण त्याला तिथून हुसकावत नाहीत. म्हणून उपचाराचा परिणाम आयजीजीच्या आकड्यावरून मोजायचाच नसतो.

आता आयजीएम, म्हणजे प्रतिपिंडांचा दुसरा एक प्रकार. रिपोर्टवर ती आयजीजीच्या वरच्या किंवा खालच्या ओळीत असते, आणि पुस्तकात शिकवलेलं असतं की आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग. इतर काही रोगांत ते उपयोगी पडतं, हर्पिसमध्ये पडत नाही. एचएसव्हीची आयजीएम दोन भावांत फरक करत नाही, आणि जुना विषाणू पुन्हा उसळला तरी ती वर येऊ शकते. म्हणून ताजं की जुनं हे तिच्यावरून कळत नाही. कांजिण्या आणि नागीण आणणाऱ्या दुसऱ्याच विषाणूशी तिची गल्लत होऊ शकते. तो याच कुळातला असला तरी त्याचा लैंगिक संबंधांशी संबंध नाही. मागच्या महिन्यात कमरेला नागीण उठून गेलेल्या आजोबांची एचएसव्ही आयजीएम पॉझिटिव्ह आली, तर घरच्यांनी दचकू नये. सीडीसीने आयजीएम चाचणी निरुपयोगी ठरवली आहे. आयजीएम इक्विव्होकल आणि आयजीजी निगेटिव्ह, असा रिपोर्ट हाती असेल तर त्यातली आयजीएमची ओळ खुशाल विसरा.

महाराष्ट्रात ही ओळ सर्वाधिक दिसते ती टॉर्च पॅनेलमध्ये. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू, हर्पिस आणि ‘इतर’ अशी ही मोट आहे. दोन गर्भपात झालेल्या बाईला, आणि कधीकधी एकच झालेल्या बाईलाही, ती लिहून दिली जाते. पाच रोगांच्या दहा ओळींपैकी एखादी तरी सीमेवर निघतेच, आणि तीच गर्भपाताचं कारण ठरते. मग कित्येक आठवडे गोळ्या, आणि त्याहून वाईट म्हणजे सासरी कुजबुज. वारंवार गर्भपातासाठी एखादा जंतू कारण ठरायचा तर तो शरीरात टिकून राहून दरवेळी गर्भापर्यंत पोचायला हवा. टॉर्चमधले जंतू या कसोटीला उतरत नाहीत. वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या शोधात ही तपासणी उपयोगाची नाही, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने केव्हाच सांगून ठेवलं आहे.

गरोदरपणात हर्पिस महत्त्वाचा नाही असं मात्र नाही. बाळंतपणाच्या सुमारास आईला पहिल्यांदाच जननेंद्रियाचा हर्पिस झाला, तर बाळाला तो होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते, आणि नवजात बाळात हा आजार जिवावर बेततो. पण आईला तो आधीपासूनचा असेल, किंवा गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात झाला असेल, तर हा धोका एक टक्क्याहूनही कमी राहतो, कारण आईची तयार प्रतिपिंडं बाळाला आधीच मिळालेली असतात. सातव्या महिन्यातल्या बाईच्या रिपोर्टवर जुनी, भक्कम आयजीजी दिसली तर घाबरण्यापेक्षा हायसं वाटायला हवं, हे कुणी तिला सांगत नाही. तिने डॉक्टरांना हे जरूर सांगावं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर फोड आहेत का ते नीट पाहिलं जाईल.

मग १.०४ हाती आलेल्या माणसाने करायचं काय? आधी अंगावर काही आहे का ते पाहायचं. फोड, ओली जखम, लघवीला जळजळ, जांघेत गाठी. असेल तर रक्ताचा नाद सोडून त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, कारण फोडातला द्रव रक्तापेक्षा कितीतरी स्पष्ट बोलतो. फोड ताजा असताना त्याच्या तळावरून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पीसीआरला पाठवला, तर विषाणू आहे का आणि कोणत्या प्रकारचा हे थेट कळतं. खपली धरल्यावर ती संधी हुकते. आणि खपलीवरून घेतलेली पीसीआर निगेटिव्ह आली म्हणजे हर्पिस नाहीच असं ठरत नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पीसीआर नसेल तर काचपट्टीवर फोडाचा तळ खरवडून झँक स्मिअर करतात. १९४७मध्ये रूढ झालेल्या या जुन्या पद्धतीत सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकांच्या अगडबंब पेशी दिसतात. हर्पिस कुळातला विषाणू आहे एवढं ती सांगते. पहिला भाऊ, दुसरा भाऊ की नागिणीचा विषाणू, हे तिला ओळखता येत नाही.

काहीच लक्षण नसेल आणि मनात एखादा ठरावीक संबंध असेल, तर त्या दिवसापासून १२ आठवडे मोजायचे आणि त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने पुन्हा तपासायचं. १.०४चा ४.५ झाला तर संसर्ग खरा होता. १.०४चा १.१ किंवा ०.९ झाला, तर तो बहुधा आवाज होता, अर्थ नव्हता. मधल्या काळात दर आठवड्याला रक्त देण्याने काही साधत नाही. आकडा दरवेळी थोडा हलेल आणि प्रत्येक हलण्याला माणूस अर्थ चिकटवत बसेल.

पुन्हा तपासूनही आकडा १.१ ते ३ यांच्यात अडकून राहिला तर दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीची गरज लागते. यातली कसोटीची चाचणी वेस्टर्न ब्लॉट. तिच्यात विषाणूचं एकच प्रथिन न वापरता सगळी प्रथिनं आकारानुसार एका पट्टीवर ओळीने मांडतात, आणि तुमची प्रतिपिंडं त्यातल्या कुठल्या कुठल्या ओळींना चिकटतात ते पाहतात. एका खळग्यातला खोटा रंग इथे टिकत नाही, कारण सगळा नकाशा जुळावा लागतो. हर्पिससाठीचा हा ब्लॉट अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झाला आणि आजही मुख्यतः तिथेच होतो. पुण्या-नागपूरच्या रुग्णाला ती वाट जवळपास बंद आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला ती आपल्या डॉक्टरांमार्फत खुली आहे. आणि तिथेही कधीकधी उत्तर ‘इंडिटरमिनेट’ येतं, बहुतेक वेळा नमुना फार लवकर दिलेला असला तर.

इथल्या रुग्णाच्या हातात येतं ते वेगळ्या प्रथिनावर किंवा वेगळ्या यंत्रावर चालणारं दुसरं किट, तीन महिन्यांचा काळ आणि एक शांत डॉक्टर. यातलं तिसरं सगळ्यात कामाचं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत चालणाऱ्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून उपचार होतात, हर्पिससारख्या फोडांसाठी लाल रंगाचं पाकीट ठरलेलं आहे, त्यात असायक्लोव्हिर असतं. तिथे आयजीजीच्या आकड्यावर कुणाचं अडत नाही. मला ही व्यवस्था चकचकीत पॅकेजपेक्षा शहाणी वाटते.

आणखी एक. त्याच पॅनेलमध्ये एचआयव्ही आणि सिफिलिसच्या ओळी असतात. हर्पिसच्या १.०४वर रात्र जागवणाऱ्या माणसाच्या त्या ओळी वाचायच्या राहूनच जातात, किंवा त्यांची विंडो, म्हणजे संसर्ग असूनही तपासणीत न दिसण्याचा काळ, संपल्यावर पुन्हा तपासायला तो विसरतो. सिफिलिस इंजेक्शनने बरा होतो, एचआयव्हीवर लवकर गोळ्या सुरू झाल्या तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि गोपनीय ठेवली जाते. संशयाचा काळ सरेपर्यंत कंडोम वापरणं या तिन्हींसाठी उपयोगी आहे.

एचएसव्ही-१चा आकडा सीमेवर आला तर त्यावर फार वेळ घालवू नये. तो पॉझिटिव्ह निघणं हीच बहुसंख्य प्रौढांची स्थिती आहे, आणि एलायझा त्यातले बरेच खरे बाधित हुकवते. शिवाय संसर्ग ओठावर आहे की खाली, हे रक्त सांगत नाही. मुखमैथुनातून एचएसव्ही-१ जननेंद्रियांवरही जातो, पण आयजीजीची ओळ दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते.

आणि रक्त सांगत नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. दवाखान्यात नवरा-बायको येतात, एकाचा एचएसव्ही-२चा आकडा ८.२ असतो, आणि प्रश्न हर्पिसचा नसतोच. प्रश्न असतो, ‘कधी?’ आणि ‘कुणाकडून?’ ८.२ हा बहुधा खरा पॉझिटिव्ह आहे. पण तो मागच्या वर्षीचा की लग्नाच्याही आधीचा, हे कुठल्याही किटला कळत नाही. दोघांचीही प्रकारवार चाचणी एकाच लॅबमध्ये करावी. कित्येकदा दुसराही पॉझिटिव्ह निघतो आणि त्याला कधी एक फोडही आठवत नसतो. अमेरिकेतल्या पाहणीत एचएसव्ही-२ असलेल्या १४ ते ४९ वयाच्या लोकांपैकी सुमारे ८७ टक्के जणांना, आपल्याला तो आहे, हे कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. दोघांपैकी कुणाला आधी झाला, हे त्यामुळे बहुतेक घरांत कधीच ठरत नाही, आणि पुढच्या उपचाराला ते ठरण्याची गरजही पडत नाही.